वाचनालयातील संगणकांवर वाचकांची जी कागदपत्रे मागे राहतात, त्यांचे काय करावे?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका 'ब' वर्ग तालुका वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयाच्या मागच्या दालनात आम्ही अभ्यासिका चालवतो आणि तेथे देणगीतून मिळालेले चार संगणक वाचकांसाठी ठेवले आहेत. चारही संगणकांवर विंडोज १० आणि क्रोम आहे. सर्वांचा पासवर्ड एकच असून तो भिंतीवर कागदावर लिहून लावलेला आहे. स्पर्धा परीक्षांचे अर्ज, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज, हॉल तिकिटे आणि निकाल यांसाठी रोज पंचवीस-तीस मुले-मुली हे संगणक वापरतात. विजेच्या बिलाला हातभार म्हणून आम्ही तासाला दहा रुपये घेतो.

मागच्या महिन्यात अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीला अनोळखी क्रमांकावरून फोन येऊ लागले. फोन करणाऱ्याला तिचे पूर्ण नाव, गाव, जन्मतारीख आणि तिने कोणत्या पदासाठी अर्ज केला आहे, हे सारे ठाऊक होते. तिने तो अर्ज आमच्याच तीन नंबरच्या संगणकावर भरला होता. मी त्या संगणकातील डाउनलोड फोल्डर उघडून पाहिले, तेव्हा त्यात चारशेहून अधिक फाइल होत्या. आधार कार्डे, शाळा सोडल्याचे दाखले, जात पडताळणी प्रमाणपत्रे, वडिलांचे उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुकाची पहिली पाने आणि भरलेल्या अर्जांच्या प्रती तेथे दोन वर्षांपासून साचत गेल्या होत्या. ब्राउझरमध्ये अकरा जणांच्या ईमेलचे पासवर्ड जतन झालेले होते. त्यांपैकी दोन खाती मी क्लिक करताच उघडली. मी ती तत्काळ बंद केली, परंतु आपल्याआधी आणखी कोणी ती उघडली असतील, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

त्या मुलीला माहिती कोणी पुरवली, हे मी सिद्ध करू शकत नाही. मात्र ज्या संगणकावर ती इतक्या उघड्यावर पडली होती, तो माझ्या ताब्यात होता आणि त्याची जबाबदारी माझी होती. या वाचनालयात मी सव्वीस वर्षे काम करते आहे. कोणी कोणते पुस्तक नेले, हे मी आजवर तिसऱ्या माणसाला सांगितलेले नाही. घरचे लोक विचारायला आले, तेव्हाही सांगितलेले नाही. पुस्तकांच्या बाबतीत जो नियम मी स्वतःला लावून घेतला, तो संगणकांच्या बाबतीत माझ्या ध्यानातच आला नाही.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत तीन सूचना आल्या. प्रत्येक संगणकाच्या मागे पडदा दिसेल असा कॅमेरा लावावा, ही पहिली. वाचक काय काय उघडतात याची संपूर्ण नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर बसवावे, ही दुसरी. ही डोकेदुखीच नको, संगणक बंद करून त्या जागी आणखी टेबले ठेवावीत, ही तिसरी. संगणक बंद करणे मला मान्य नाही. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक मुलींच्या घरी एकच फोन असतो आणि तो वडिलांच्या किंवा भावाच्या हातात असतो. छायाचित्र आणि स्वाक्षरी ठरावीक केबीत बसवून लांबलचक अर्ज फोनवर भरणे किती अवघड असते, हे ज्याने केले आहे त्याला माहीत आहे.

आमच्याकडे संगणकाचा जाणकार कर्मचारी नाही आणि खर्चाला फार तर पाच-सहा हजार रुपये निघतील. अशा स्थितीत काय करावे? कॅमेरा आणि नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर यांबद्दल मंडळाला काय सांगावे?


टर्मिनल यांचे उत्तर

ग्रंथपाल मॅडम, मी पुण्यात एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची यंत्रणा सांभाळतो. तुम्ही जे वर्णन केले आहे, ते मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. फरक इतकाच की, तेथे कोणी डाउनलोड फोल्डर उघडून पाहण्याची तसदी घेतलेली नसते.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करतो. तुम्हाला बहुतेक जण 'इन्कॉग्निटो वापरायला सांगा' असे सुचवतील. इन्कॉग्निटोमुळे खिडकी बंद केल्यावर त्या संगणकातील इतिहास आणि कुकी पुसल्या जातात, एवढेच होते. संकेतस्थळाला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आणि तुमच्या राउटरला जे कळायचे ते कळतेच. याच मुद्द्यावर अमेरिकेत गूगलविरुद्ध २०२० मध्ये सामूहिक दावा दाखल झाला होता, आणि २०२४ मध्ये समोर आलेल्या तडजोडीत इन्कॉग्निटोतील ब्राउझिंगच्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे गूगलने मान्य केले. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. इन्कॉग्निटोत उतरवलेली फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये जशीच्या तशी राहते. क्रोमच्या गेस्ट मोडचेही तेच आहे. गेस्ट मोड इन्कॉग्निटोपेक्षा चांगला, कारण त्यात आधी जतन केलेले पासवर्ड आणि बुकमार्क दिसतच नाहीत. तरीही उतरवलेल्या चारशे फाइल त्यानेही हटल्या नसत्या.

म्हणून उपाय ब्राउझरच्या पातळीवर न करता खात्याच्या पातळीवर करायला हवा. वाचक उठून गेला की त्याचे संपूर्ण खातेच, म्हणजे डेस्कटॉप, डाउनलोड, कचरापेटी आणि ब्राउझरसह, नाहीसे झाले पाहिजे. विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीत अशी सोय तयारच असते. तिला गेस्ट सेशन म्हणतात. लॉगिन खिडकीच्या सेटिंगमध्ये ती एकदा सुरू केली की वाचक पासवर्डाविना आत येतो, काम करतो, आणि 'लॉग आउट' म्हणताच त्याने निर्माण केलेले सर्व काही पुसले जाते. पुढच्या वाचकाला कोरी पाटी मिळते. संगणक नुसता बंद केला तरी हेच होते, त्यामुळे रात्री वीज गेली तरी काळजी नाही.

दुसरेही कारण आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नियमित सुरक्षा-सुधारणा देणे थांबवले आहे. देणगीतले संगणक बहुधा जुने असणार आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही चिप त्यांत नसण्याची शक्यता मोठी आहे. ज्या प्रणालीतील नव्याने सापडलेल्या फटी बुजवल्या जात नाहीत, तिच्यावर दुसऱ्यांची आधार कार्डे हाताळू देणे योग्य नाही. मिंटची एक्सएफसीई ही आवृत्ती ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालते, देवनागरी टंकलेखन होते, आणि अर्ज भरण्याची संकेतस्थळे फायरफॉक्स व क्रोम या दोन्हींत उघडतात. तीन संगणक मिंटवर न्यावेत. एखादे काम अडलेच तर चौथा विंडोजवर ठेवावा, पण तेथे वाचकांना प्रशासकाचे अधिकार नसलेले साधे खाते द्यावे. त्या खात्याचा डाउनलोड फोल्डर आणि कचरापेटी रोज संध्याकाळी स्वतः रिकामी करावी.

फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारे विस्तारक अवश्य घाला. मुले जुन्या प्रश्नपत्रिका शोधतात, आणि तसल्या पानांवर खऱ्या दुव्याच्या आजूबाजूला 'डाउनलोड' असे लिहिलेली चार-पाच खोटी बटणे असतात. संगणकात घाण शिरण्याचा हाच हमरस्ता आहे. जाहिरात रोखली की यातली बहुतेक बटणे दिसेनाशीच होतात. राउटरमध्ये डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी ९.९.९.९ हा क्वाड९ या संस्थेचा पत्ता भरा. घातक म्हणून नोंदलेली संकेतस्थळे त्यामुळे उघडत नाहीत, आणि त्यासाठी कोणाच्या ब्राउझिंगवर पाळत ठेवावी लागत नाही. हे सर्व फुकट आहे. लागेल तो एक दिवस आणि कोणीतरी माहीतगार. तुमच्या तालुक्यात तंत्रनिकेतन असेल, तर तेथील प्राध्यापकांना एकदा भेटा. शेवटच्या वर्षाची मुले असे काम आनंदाने करतात.

पैसे खर्च करायचेच असतील, तर सीपीयू बंद राहतील अशा कुलपाच्या पेट्या करून घ्या. कीबोर्डची तार आणि सीपीयू यांच्यामध्ये बोटभर लांबीचे एक उपकरण लावता येते. ते दाबलेली प्रत्येक कळ साठवते आणि कोणतेही अँटिव्हायरस त्याला पकडू शकत नाही, कारण संगणकाच्या लेखी ते कीबोर्डच असते. मागची बाजू कुलपात असली की हा प्रश्न मिटतो. तोवर आठवड्यातून एकदा संगणकाच्या मागे हात घालून पाहत जा.


सेतूवाला यांचे उत्तर

टर्मिनल यांनी संगणकाची बाजू पूर्ण मांडली आहे, पण मॅडम, मला तुम्हाला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. तुमच्याकडे प्रिंट कशी देतात? मी अकरा वर्षे महा ई-सेवा केंद्र चालवतो आहे, आणि माझ्या अनुभवात संगणकापेक्षा मोठी गळती प्रिंट काढण्याच्या वाटेवर होते.

मुले सांगतात, 'तुमचा व्हॉट्सॲप नंबर द्या, पीडीएफ पाठवतो.' आपण नंबर देतो. दाखला येतो, प्रिंट निघते, पाच रुपये मिळतात, आणि ती फाइल आपल्या फोनमध्ये राहते. फोनमधील फोटोंची प्रत आपोआप गूगलच्या साठ्यात चढत असेल, तर तेथेही जाते. तोच फोन घरी लहान मुले खेळायला घेतात, आणि जुना झाला की आपण तो दुकानात देऊन नवा आणतो. चार वर्षांपूर्वी मी माझ्या फोनची गॅलरी सहज वर सरकवून पाहिली. तेव्हा तालुक्यातल्या निम्म्या घरांची आधार कार्डे माझ्या भाचीच्या बारशाच्या फोटोंच्या मध्ये मध्ये दिसली. त्या दिवसापासून मी पद्धत बदलली.

प्रिंटसाठी मी वेगळा फोन आणि वेगळा क्रमांक ठेवला आहे, आणि तो फोन दुकानातून बाहेर जात नाही. त्यातील व्हॉट्सॲपवर नव्या प्रत्येक संभाषणासाठी संदेश २४ तासांनी नाहीसे होण्याची सोय सुरू आहे. त्याचबरोबर माध्यमे आपोआप उतरवणे आणि गॅलरीत दाखवणे, या दोन्ही गोष्टी बंद केल्या आहेत. त्या बंद केल्या नाहीत तर संदेश जातो, पण चित्र गॅलरीत राहते. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे तर संगणक आहेतच, त्यामुळे वाचकाने स्वतः गेस्ट सेशनमध्ये आपला ईमेल किंवा डिजिलॉकर उघडून थेट प्रिंट द्यावी, हे सर्वांत चांगले. पेनड्राइव्ह शक्यतो नको. एका पेनड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस आला की चारही संगणक आजारी पडतात आणि पुढे तो प्रत्येकाच्या घरी जातो.

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये छापलेले दस्तऐवज जपून ठेवण्याचा एक पर्याय असतो, तो बंद आहे ना, हे एकदा पाहून घ्या. बिघडलेल्या, अर्धवट छापलेल्या प्रतींचे कागद पाठकोरे म्हणून वापरू नका. माझ्या ओळखीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात पाठकोऱ्या कागदांवर पावत्या देत असत. एका गिऱ्हाइकाच्या पावतीमागे दुसऱ्याच बाईंचे बँक पासबुक निघाले, आणि त्या बाई गिऱ्हाइकाच्या शेजारीच राहत होत्या. कागद फाडून टाका किंवा हजार-दोन हजारांत मिळणारे छोटे श्रेडर घ्या. तुमच्या पाच हजारांतील हा खर्च कारणी लागेल.

आधारबद्दलही सांगतो. आधारच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून ती सुरक्षित आहे असे मुलांना वाटते. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. ज्याच्या हाती त्याच फोल्डरमधला भरलेला अर्ज आहे, त्याला हे दोन्ही माहीत असते. त्याऐवजी मास्क्ड आधार उतरवावे. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात. जेथे पूर्ण क्रमांक स्पष्टपणे मागितलेला नाही, तेथे तेच पुरते. सायबर कॅफेतील संगणकावर ई-आधार उतरवू नये आणि उतरवल्यास प्रती कायमच्या पुसाव्यात, असे पत्रक आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये काढले होते. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल म्हणून सरकारने दोनच दिवसांत ते मागे घेतले. मला मात्र त्यातील हा सल्ला आजही रास्त वाटतो, आणि मी तो गिऱ्हाइकांना तोंडी देत असतो.


पहाटेची अभ्यासिका यांचे उत्तर

मॅडम, मी एमपीएससीची तयारी करणारी विद्यार्थिनी आहे आणि तुमच्यासारख्याच एका वाचनालयात पहाटे पाचला जाऊन बसते. मला फक्त कॅमेऱ्याबद्दल सांगायचे आहे.

आमच्या अभ्यासिकेत संगणकामागे कॅमेरा लावला, तेव्हापासून आम्ही मुलींनी तेथील संगणक वापरणे जवळजवळ सोडून दिले. आम्ही काही गैर पाहत होतो असे नाही. अर्जात वैवाहिक स्थिती, जात, अपंगत्व, वडिलांचे उत्पन्न असे सगळे भरावे लागते. कधी एखादीला आपल्या दुखण्याबद्दल वाचायचे असते. कधी एखादीला घरातल्या त्रासाविरुद्ध कोठे तक्रार करता येते, हे शोधायचे असते. त्या कॅमेऱ्याचे चित्रण ज्यांच्या फोनवर दिसते, ते गृहस्थ आमच्या गावचेच आहेत आणि आमच्या घरच्यांना ओळखतात. तुम्ही पुस्तकांच्या बाबतीत जो नियम पाळलात, तो वाचून मला फार बरे वाटले. तोच नियम आम्हाला संगणकापुढेही हवा आहे.

भिंतीवर पासवर्ड लावला आहे तेथे त्याऐवजी एक सूचना लावता येईल. परीक्षेचे शुल्क भरताना कार्डाचा क्रमांक संगणकावर टाइप करू नये, तर पडद्यावर येणारा क्यूआर कोड स्वतःच्या फोनने स्कॅन करून यूपीआयने पैसे भरावेत. मी असेच करते. त्यामुळे पिन फोनच्या बाहेर जात नाही. व्हॉट्सॲप वेब वापरले असेल तर उठण्यापूर्वी फोनमधील 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तो संगणक काढून टाकावा, हेही लिहा. माझ्या मैत्रिणीचे व्हॉट्सॲप आमच्या अभ्यासिकेतील संगणकावर नऊ दिवस उघडे होते आणि तिला पत्ताही नव्हता.


विधिज्ञ सातारा यांचे उत्तर

मी वकिली करतो. मंडळापुढे जे प्रश्न आहेत त्यांची कायद्याची बाजू सांगतो, परंतु त्याआधी त्या मुलीविषयी. नकार दिल्यावरही एखाद्या स्त्रीशी वारंवार संपर्क साधत राहणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे, आणि पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तिने फोनची नोंद, संदेश आणि तारखा पुसू नयेत. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी गोठवता आले तरच हाती लागतात. तिच्या कागदपत्रांवर कोणी सिमकार्ड घेतले आहे का, हे संचार साथी या सरकारी पोर्टलवर पाहता येते. तिच्या नावाने कर्ज निघाले आहे का, हे पतमाहिती कंपन्यांच्या अहवालातून कळते, आणि प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. मॅडम, आपल्या वाचनालयात हे घडले असण्याची शक्यता तिला मोकळेपणाने सांगावी, आणि ज्यांची कागदपत्रे त्या फोल्डरमध्ये होती त्यांनाही कळवावे. ते सोपे नाही. तरी त्यांना आपले पासवर्ड बदलण्याची संधी मिळणे आवश्यक आहे.

आता नोंदींचा प्रश्न. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम झाले. त्यांनुसार कॅफेचालकाने वापरकर्त्याची ओळख पटवायची, नोंदवही किमान एक वर्ष ठेवायची, आणि उघडलेल्या संकेतस्थळांचा इतिहासही किमान एक वर्ष जपायचा असतो. मंडळातील कोणीतरी हेच ऐकून दुसरी सूचना केली असावी. पण कायद्यातील व्याख्येनुसार, व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात जनतेला इंटरनेट उपलब्ध करून देणारी सुविधा म्हणजे सायबर कॅफे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता असलेले, अनुदानावर चालणारे वाचनालय आपल्या सभासदांना संगणक देते, तो व्यवसाय नव्हे, असे माझे मत आहे. तासाला दहा रुपये घेण्यामुळे मात्र समोरच्याला बोट ठेवायला जागा मिळते. ती रक्कम वेगळी न घेता अभ्यासिकेच्या मासिक वर्गणीत समाविष्ट करावी, असे मी सुचवेन. आपल्याला हे नियम लागू होतात काय, याची विचारणा लेखी करून उत्तर दप्तरी ठेवावे. उत्तर येईपर्यंत कोण, कोणत्या संगणकावर, किती ते किती वाजता बसले, एवढी कागदी नोंदवही पुरेशी आहे. आधारची झेरॉक्स मुळीच घेऊ नये. सभासद क्रमांक असताना तिची गरजच नाही.

कॅमेरा आणि पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर या दोन्हींमधून जे साठेल, ती डिजिटल वैयक्तिक माहिती असेल. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आला, त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि माहिती साठवणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे. ज्या हेतूने माहिती घेतली तो संपला की ती पुसणे, ती सुरक्षित ठेवणे, गळती झाल्यास संबंधितांना कळवणे, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे, ही सारी ओझी त्यात आहेत. सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तालुक्याच्या वाचनालयाला कोणी एवढा दंड करणार नाही, पण मंडळाच्या बैठकीत हा आकडा सांगण्याजोगा आहे. जे सॉफ्टवेअर प्रत्येक वाचकाचे प्रत्येक पान टिपते, ते चारशे फाइलींचा एक फोल्डर रिकामा करून त्या जागी चार हजार नोंदींचा दुसरा फोल्डर तयार करील, आणि त्याची चावी कोणाकडे राहणार, हा प्रश्न पुन्हा उरेलच.

संगणक चोरीला जातील ही भीती असल्यास कॅमेरा दाराकडे तोंड करून लावावा, ज्यात येणारे-जाणारे दिसतील पण पडदा आणि कीबोर्ड दिसणार नाहीत. चित्रण किती दिवसांनी पुसले जाईल आणि कोण पाहू शकेल, हे ठरावात लिहून ठेवावे. फोनवर थेट पाहण्याची सोय कोणालाही देऊ नये, अध्यक्षांनाही नाही.


कृष्णाकाठ यांचे पुन्हा लेखन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला आणि तिच्या आईला मी काल घरी जाऊन भेटले व सर्व सांगितले. तिने तक्रार नोंदवली आहे. त्या फोल्डरमधील नावांवरून वाचकांची यादी केली. त्यांतील एकशे बारा जण आजही सभासद आहेत. त्यांना एकेकाला बोलावून सांगणे सुरू आहे. काही रागावले आणि त्यांचा राग योग्य आहे. यादी पूर्ण झाली की फाइल पुसणार आहे.

कॅमेरा दाराकडे तोंड करून लावण्यास मंडळाने संमती दिली. सॉफ्टवेअरची सूचना विधिज्ञांचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवल्यावर मागे घेण्यात आली. कार्यवाहांनी नोंदवही एक वर्षाने नष्ट करण्याचा ठरावही मांडला. तंत्रनिकेतनातील दोन मुले रविवारी मिंट बसवायला येणार आहेत. अभ्यासिकेत तरुण मुली असतात, म्हणून त्या मुलांना एकटे न सोडता मी स्वतः दिवसभर तेथे थांबणार आहे, आणि प्रशासकाचा पासवर्ड मीच ठेवणार आहे.

एक शंका राहिली. जुन्या डिस्कवरील फाइल नुसत्या पुसल्याने खरोखर जातात काय? आणि खोट्या संकेतस्थळांबद्दल वाचकांना एका वाक्यात काय सांगावे?


टर्मिनल यांचे उत्तर

नुसत्या पुसल्याने जात नाहीत. फाइल पुसली की तिची अनुक्रमणिकेतील नोंद जाते, मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत डिस्कवर राहतो आणि मोफत मिळणाऱ्या साधनांनीही परत काढता येतो. एरवी मी मुलांना पूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहूनच मिंट बसवायला सांगितले असते. फिरत्या तबकडीच्या डिस्कला तेवढे पुरते, मात्र ५०० जीबीला काही तास लागतात, म्हणून शनिवारी रात्रीच सुरू करावे. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर तिच्या उत्पादकाने दिलेली पुसण्याची आज्ञा वापरावी.

परंतु आता तक्रार नोंदवली गेली आहे, तेव्हा तीन नंबरच्या संगणकाला सध्या हात लावू नका आणि त्यातील फाइलही पुसू नका. तो बंद करून कुलपात ठेवा आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना लेखी विचारा. त्यांना ती डिस्क पुरावा म्हणून हवी असू शकते. रविवारी उरलेल्या तीन संगणकांचे काम करून घ्या.

संकेतस्थळांबद्दल मी मुलांना पत्ता उजवीकडून वाचायला शिकवतो. पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी 'गव्ह डॉट इन' असेल तर ते सरकारचे, कारण तो शेवट केवळ शासकीय संस्थांनाच मिळतो. 'गव्ह' हा शब्द पत्त्याच्या मधेच कोठेतरी असेल आणि शेवट 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑनलाइन' असा असेल, तर तेथे अर्ज भरू नये. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. ते केवळ वाट बंदिस्त असल्याचे सांगते, पलीकडे कोण बसले आहे ते नाही. लबाडांनाही ते चिन्ह फुकट मिळते, आणि क्रोमने तर सप्टेंबर २०२३ पासून पत्त्याच्या पट्टीतून ते काढूनच टाकले आहे. तुम्ही एक करू शकता. मिंट बसवताना एमपीएससी, महाडीबीटी, डिजिलॉकर आणि आधार या चारांचे अधिकृत पत्ते जाहिरातीवरून किंवा शासकीय पत्रकावरून पडताळून फायरफॉक्सच्या पहिल्या पानावर मोठ्या बटणांच्या रूपात ठेवून द्या. मुले तेथूनच आत जातील आणि शोधयंत्रात नाव टाकून वर दिसणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवण्याची वेळ येणार नाही. गेस्ट सेशनमध्ये हे पान प्रत्येक वेळी नव्याने दिसावे यासाठी फायरफॉक्सच्या सेटिंग ठरवून देणारी धोरणाची एक छोटी फाइल लागते. ती मी तयार करून येथे देतो. रविवारपूर्वी मुलांना माझ्याशी येथेच बोलायला सांगा.